ॲलर्जी विचारायची राहिली: यूकेत नर्स म्हणून रजिस्टर होताना

रिझल्टचा मेल आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या कॉमन किचनमध्ये उभी होते. ऑस्की म्हणजे यूकेत नर्स म्हणून रजिस्टर व्हायला द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा, तिची दहा स्टेशनं, म्हणजे दहा छोट्या परीक्षा, नऊ पास, एक फेल. फेल झालेलं स्टेशन औषधं देण्याचं. नऊ वर्षं आयसीयूत काढलेली मी, औषधं देण्यात फेल. खाली कारण लिहिलेलं होतं, ॲलर्जी पेशंटकडून कन्फर्म केली नाही. मी ते तीनदा वाचलं, कारण मी ॲलर्जी बघितली होती! ड्रग चार्टवर ॲलर्जीचा वेगळा चौकोन असतो, तो मी बघितला, त्यात पेनिसिलिन लिहिलेलं होतं, ते डोक्यात ठेवूनच मी पुढच्या गोळ्यांवर गेले. पण बेडवर बसलेल्या बाईला "तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का" हे तोंडाने विचारलंच नाही. परीक्षक माझ्या डोक्यात काय चाललंय ते बघू शकत नाही, तो फक्त ऐकू शकतो.

हे सगळं लिहायला बसलेय कारण गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या चार-पाच मुलींनी फोन करून विचारलं की ताई कुठून सुरुवात करू, आणि प्रत्येकीला मी तुकड्या-तुकड्यांत सांगत बसते. कोणती फी किती आणि कोणता फॉर्म कधी हे सांगणं सोपं आहे, पण मला जे खरंच नडलं ते दुसरंच होतं. माझे हात तयार होते, बोलायची सवय नव्हती. इंग्रजी येत नाही असं नाही म्हणत, मी काम करताना बोलतच नव्हते.

पहिला दणका ओईटीत बसला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल म्हणजे एनएमसी, यूकेत नर्सना रजिस्टर करणारी संस्था, तिला इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएलटीएस दिली तर रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५, ओईटी दिली तर तिन्हीत बी आणि रायटिंगला सी प्लस. मी ओईटी घेतली कारण त्यात सगळं हॉस्पिटलमधलंच असतं, केस नोट्स देतात आणि त्यावरून रेफरल लेटर लिहायचं, १८० ते २०० शब्दांचं. सगळे म्हणाले रायटिंग अवघड, रायटिंगचीच तयारी कर, म्हणून मी महिनाभर रोज दोन लेटर लिहिली. रायटिंग निघालं. अडकलं स्पीकिंग, सी प्लस आला.

स्पीकिंगमध्ये दोन रोल प्ले असतात, कार्ड वाचायला तीन मिनिटं आणि बोलायला पाच. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. माझ्या कार्डवर होतं की पेशंट इन्सुलिन सुरू करायला घाबरतोय, त्याला समजावून सांगा. मी सुरू झाले, इन्सुलिन कुठे टोचायचं, जागा कशी बदलायची, फ्रीजमध्ये कसं ठेवायचं, दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळी आणि उरलेली तीन मिनिटं काय बोलू कळेना. त्याला भीती नेमकी कशाची वाटतेय हे मी विचारलंच नाही. ओईटीच्या मार्किंगमध्ये भाषेसोबत पेशंटचं म्हणणं समजून घेतलं का यालाही मार्क असतात हे मला नंतर कळलं. दुसऱ्या वेळी मी ठरवून गेले की पहिली दोन वाक्यं प्रश्नच असतील, तुम्हाला याबद्दल आधी काय माहिती आहे, आणि सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय. बी आला. तेव्हा सहा महिन्यांच्या आतले दोन रिझल्ट एकत्र धरायचे, २०२३ पासून ती मुदत बारा महिने झालीय, म्हणजे एका मॉड्यूलसाठी आता लगेच धावपळ करायची गरज नाही.

सीबीटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कॉम्प्युटरवरची परीक्षा, भारतातच पिअर्सन व्ह्यूच्या सेंटरला देता येते, १५ प्रश्न नुमरसीचे, म्हणजे आकडेमोडीचे, आणि १०० क्लिनिकल. ड्रिप रेट आणि डोस काढायची सवय असलेल्याला नुमरसी जड जात नाही. क्लिनिकलमध्ये एनएमसीचा कोड, म्हणजे नर्सने कसं वागायचं त्याचे नियम, वाचून जा एवढंच सांगेन, कारण कन्सेंट, कॉन्फिडेन्शिअलिटी, सेफगार्डिंग यावरचे प्रश्न आपण अंदाजाने सोडवतो आणि तिथेच चुकतो.

कागदपत्रांनी मात्र जीव काढला. लग्नाआधीच्या नावावर मार्कशीट, त्यात मधलं नाव वडिलांचं, पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाचा, त्यात मधलं नाव नवऱ्याचं, आणि भारतातल्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं. आपल्याकडे अर्ध्या बायकांचं हेच असतं आणि कुणाला काही वाटत नाही, पण तिकडे बसलेल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. मी मॅरेज सर्टिफिकेट दिलं, नाव बदलल्याचं गॅझेट दिलं. तुम्ही अजून अर्ज केला नसेल तर आधी सगळी कागदं टेबलावर पसरून नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख एकेक अक्षर जुळवून बघा, पैसे त्यानंतर भरा. दुसरी गोष्ट, भारतातल्या कौन्सिलने तुमचं व्हेरिफिकेशन थेट एनएमसीला पाठवायचं असतं, तुमच्या हातून गेलेलं चालत नाही. माझं ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला कितीतरी आठवडे लागले. नाइट ड्यूटी संपवून सरळ तिथे जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि "मॅडम नाहीत, उद्या या" ऐकून परत यायचं. एकदा मी तिथल्या जिन्यातच बसून रडलेय. म्हणून सांगते, हे काम ओईटीच्या क्लाससोबतच सुरू करा, रिझल्टची वाट बघत थांबू नका.

एजंटचं पण सांगते. पहिल्या एजंटने प्रोसेसिंगच्या नावाखाली पैसे मागितले, आणि मी देणारही होते, कारण सगळे देतातच असं वाटायचं. यूकेच्या रिक्रूटमेंटच्या नियमांत नोकरी लावून देण्यासाठी नर्सकडून पैसे घेता येत नाहीत, एजन्सीला पैसे हॉस्पिटल देतं. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस एम्प्लॉयर्सच्या साईटवर नियम पाळणाऱ्या एजन्सींची यादी आहे, त्यात नाव नसेल तर पुढे बोलूच नका. मी त्याला नाही म्हटलं आणि यादीतल्या दुसऱ्या एजन्सीकडून माझा इंटरव्ह्यू झाला, एक पैसा न देता.

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर, समोर दोघी, एक वॉर्ड मॅनेजर आणि एक ट्रेनिंगवाली. मला वाटलेलं व्हेंटिलेटर, इनोट्रोप्स विचारतील, तेच घोकून बसलेले. पहिलाच प्रश्न, तुमच्या हातून झालेल्या एखाद्या चुकीबद्दल सांगा. मी गप्पच. नऊ वर्षांत चूक झाली नाही असं कोण म्हणेल, पण चूक वरच्यांसमोर बोलून दाखवायची नसते हे इतकं अंगात मुरलेलं की तोंडच उघडेना. शेवटी एक खरीच सांगितली, एकदा अँटिबायोटिक दोन तास उशिरा दिलं होतं आणि चार्टवर मी खरी वेळ लिहिली होती. त्यांनी विचारलं मग पेशंटला सांगितलंत का? नाही सांगितलं, मी म्हटलं. त्यावर त्या चिडल्या नाहीत, इथे काय करतात ते सांगितलं, आधी पेशंटला बघायचं, डॉक्टरला कळवायचं, पेशंटला स्वतः सांगून सॉरी म्हणायचं आणि इन्सिडेंट फॉर्म भरायचा. त्याला ड्यूटी ऑफ कँडर म्हणतात. मला वाटलं गेला इंटरव्ह्यू. तीन दिवसांनी ऑफर आली.

ऑफर लेटरमध्ये एक कलम नीट वाचा, मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे ते. विमानाचं तिकीट, परीक्षेची फी, व्हिसा, यातलं काय काय त्यात धरलंय आणि दर महिन्याला ती रक्कम कमी होत जाते का, हे सही करायच्या आधी विचारा. माझ्या मैत्रिणीने विचारलं नाही आणि नंतर तिला ते फार जड गेलं.

टीबी टेस्ट, पोलीस क्लिअरन्स, हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा, हे सगळं एकामागून एक होत गेलं. जुलै २०२२ मध्ये मी पोचले. आल्या आल्या नर्स म्हणून काम करता येत नाही हे माहीत असलं तरी अंगावर वेगळा युनिफॉर्म येतो तेव्हा जाणवतं. ऑस्की होईपर्यंत बँड ४ (बँड म्हणजे पगाराची श्रेणी) आणि पिन, म्हणजे एनएमसीचा रजिस्ट्रेशन नंबर, आल्यावर बँड ५, ज्याचा त्या वर्षीचा सुरुवातीचा पगार वर्षाला २७,०५५ पाउंड होता. नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत पहिली ऑस्की द्यावी लागते. फी तेव्हा अशी होती, एनएमसीचा अर्ज १४० पाउंड, सीबीटी ८३, ऑस्की ७९४, शेवटी रजिस्ट्रेशन १५३. ऑस्कीचे हॉस्पिटलने भरले, बाकीचे मी आधी भरून नंतर परत मिळवले, पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून.

ऑस्कीची दहा स्टेशनं म्हणजे चार एकाच पेशंटभोवतीची, असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. मग चार स्किल्सची, आणि दोन लिहायची जिथे कुणी बोलत नाही. हॉस्पिटलने आमचं बूटकॅम्प घेतलं, आम्ही अकरा जणी होतो. ट्रेनर बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हात धुतानाही बोला. मला ते नाटकी वाटलं. आपण राऊंडच्या वेळी उलट शिकलेलो, तोंड बंद ठेवायचं, विचारलं तरच बोलायचं, आणि काम पटापट उरकणारी सिस्टर म्हणजे चांगली सिस्टर. ड्रेसिंगचं स्किल माझ्याइतकं सफाईने कुणाचंच होत नव्हतं, ट्रेनर बाईंनीही तसं म्हटलं, आणि लगेच म्हणाल्या, पण तू पेशंटशी एक शब्द बोलली नाहीस. मी ते मनावर घेतलं नाही. परीक्षेत इम्प्लिमेंटेशनला, म्हणजे औषधं देण्याच्या स्टेशनला, १५ मिनिटं असतात, मी ११ मिनिटांत संपवून बाहेर आले आणि खूश होते.

मग तो मेल.

नियम असा की फेल झालेलीच स्टेशनं परत द्यायची असतात, त्याची फी माझ्या वेळी निम्मी होती, ३९७ पाउंड, आणि मध्ये किमान दहा वर्किंग डेज जावे लागतात. एका अर्जावर तीन संधी, तिसरीही गेली तर सहा महिने थांबून अर्ज नव्याने. सेंटर्स तेव्हा पाच होती, नॉर्थम्प्टन, ऑक्सफर्ड ब्रुक्स, नॉर्थम्ब्रिया, लीड्स आणि अल्स्टर, जिथे तारीख मिळेल तिथे जायचं. घरी फोन केला पण फेल झाले हे सांगितलं नाही, रिझल्ट यायचाय म्हटलं. आईला आवाजावरून कळलं असणार, ती काही बोलली नाही.

ते तीन आठवडे मी खोलीत उशी पेशंट केली. उशीला कागदाचा रिस्टबँड गुंडाळला, त्यावर नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर, ड्रग चार्टची प्रिंट काढली आणि रोज रात्री उशीशी मोठ्याने बोलायचे. नमस्कार, मी आज तुमची नर्स, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगाल का, मी ती बँडशी ताडून बघतेय. तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का? घेतलं तर काय होतं, पुरळ की श्वास लागतो? दुखतंय का, किती? शेवटची गोळी कधी घेतलीत? ही गोळी तुमच्या ब्लड प्रेशरची, ही आत्ता देत नाहीये कारण तिची वेळ व्हायचीय. जी गोळी दिली नाही तिचा चौकोन रिकामा ठेवायचा नाही, का दिली नाही तो कोड लिहायचा. काळ्या पेनानेच लिहायचं, आणि चुकलं तर गिरगटायचं नाही, एकच आडवी रेघ मारून सही, तारीख, वेळ. शेजारच्या खोलीतली केरळची मुलगी पहिले दोन दिवस घाबरून विचारायची कोण आलंय म्हणून, मग तीच पेशंट व्हायला लागली. मुद्दाम चुकीची जन्मतारीख सांगायची आणि मला कळतंय का बघायची. तिसऱ्या दिवशी मी खरंच फसले, ती साल बदलून बोलली आणि मी बँडकडे बघत मान डोलावली. तिने पकडलं. तिथे मला कळलं की मी ऐकतच नव्हते, मी फक्त प्रश्न म्हणून टाकत होते. बोलणं म्हणजे समोरचं उत्तर ऐकणंही आलं, हे मला त्या खोलीत समजलं, परीक्षेच्या पुस्तकात नाही.

दुसऱ्या वेळी पूर्ण १५ मिनिटं लागली, शेवटची सही करताना बेल वाजली. ऑक्टोबरमध्ये पास झाले. पिन आला. पहिले दोन आकडे वर्षाचे, मग महिन्याचं अक्षर, चार आकडे, आणि शेवटी ओ, म्हणजे ओव्हरसीज. मी तो पाठ केला, फोन नंबर पाठ करतात तसा.

आता वॉर्ड. मला ॲक्युट मेडिकल वॉर्ड मिळाला, साडेबारा तासांच्या शिफ्ट. पहिल्या आठवड्यात ज्याचा सगळ्यात राग आला ते सांगते, आयव्ही देऊ देत नव्हते! नऊ वर्षं सेंट्रल लाइन सांभाळल्या, आणि इथे साधं आयव्ही अँटिबायोटिक द्यायचं तर आधी ट्रेनिंग, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली ठरावीक वेळा, मग पुस्तिकेवर सह्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी माझ्या शेजारी उभी राहून बघायची. आता मला ते बरोबर वाटतं, कारण पंप वेगळे, औषधांची पॅकिंग वेगळी, आणि युनिट वेगळी. शुगरचंच बघा. आपल्याकडे ७२ म्हणतात ती इथे ४, एमजीमधल्या आकड्याला १८ ने भागायचं. पहिल्यांदा हॅन्डओव्हरमध्ये "शुगर सात पॉइंट दोन" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला, तो नॉर्मल होता. ४ च्या खाली गेली की धावायचं, हे मी हातावर पेनाने लिहून ठेवलेलं.

भाषेचंही असंच. एक आजोबा म्हणाले "आय फील पूर्ली" आणि मी समजले त्यांना काहीतरी निवांत वाटतंय. पूर्ली म्हणजे बरं नाही. एक आजी म्हणाल्या मला पेनी खर्च करायचीय, मी त्यांची पर्स शोधत बसले आणि त्यांना टॉयलेटला जायचं होतं, तोवर उशीर झाला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि मला त्यांच्याहून जास्त वाईट वाटलं. त्यानंतर न कळलेला शब्द मी तिथल्या तिथे विचारते, सॉरी, याचा अर्थ काय, म्हणून. कुणी रागावत नाही.

आणि ती रात्र. डिसेंबर, तीन वाजलेले, न्यूमोनियाच्या एका बाई. ऑब्ज, म्हणजे पल्स, प्रेशर, ताप वगैरे, घेतले, रेस्पिरेशन २२, सॅच्युरेशन रूम एअरवर ९३, पल्स ११२, वरचं प्रेशर १०८, ताप ३८.४. एकेक आकडा बघितला तर कुठलाच धक्का देणारा नाही, आणि बाई शुद्धीत, माझ्याशी बोलत होत्या. पण न्यूज टू चार्टवर, जिथे प्रत्येक आकड्याला तो किती बिघडलाय त्याप्रमाणे गुण देतात, बेरीज केली, दोन, दोन, दोन, एक, एक, आठ. सात किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. इन्चार्ज दुसऱ्या बे मध्ये अडकलेली, मी तिला ओरडून सांगितलं आणि डॉक्टरला ब्लीप केलं, म्हणजे पेजरवर निरोप दिला. फोन आला तेव्हा एका क्षणासाठी जुनी सवय आली, "सर, पेशंट थोडा बरा नाहीये" असं तोंडावर आलेलं. ते गिळलं आणि एसबीएआर लावून बोलले, म्हणजे आत्ताची परिस्थिती, आधीची माहिती, माझा अंदाज आणि मला काय हवंय, या क्रमाने. मी अमुक वॉर्डची नर्स, बे तीनमधल्या बाई, न्यूज स्कोअर आठ, सहा तासांपूर्वी तीन होता. न्यूमोनिया, दुसरा दिवस. मला सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शन शरीरभर भिनल्याची, शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं. पलीकडे एक क्षण शांतता, मग तो म्हणाला, येतोय, कल्चर आणि लॅक्टेट तयार ठेव. तो धावत आला. लॅक्टेट वाढलेलं निघालं, अँटिबायोटिक बदललं, फ्लुइड सुरू झालं, मी तासातासाला युरीन मोजत होते. सकाळी सहाला प्रेशर सुधारलं आणि बाईंनी चहा मागितला.

डॉक्टर जाताना म्हणाला, थँक्स, नीट सांगितलंस. मी त्याला सर म्हणाले नाही, त्याच्या नावाने हाक मारली, आणि ते जमायलाही मला दोन महिने लागले होते.

रजिस्ट्रेशन चालू ठेवायला दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन असतं, ४५० तास काम, ३५ तासांचं शिक्षण आणि स्वतःच्या कामावर पाच रिफ्लेक्शन लिहून द्यायची. माझं पहिलं मी त्या रात्रीवर लिहिलंय. दुसरं ऑस्कीच्या त्या ११ मिनिटांवर लिहायचं ठरवलंय, पण रिव्हॅलिडेशनसाठी रजिस्टर झाल्यानंतरचंच काम धरतात असं मॅनेजर म्हणाली, म्हणून ते इथे लिहिलं.